साहेबांचा पगार आणि कामगाराचा पगार: कंपनीच्या वार्षिक अहवालातून दोन्ही कसे शोधावेत आणि कसे ताडून पाहावेत

अमळनेरची गोष्ट खान्देशात सर्वांना ठाऊक आहे. १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने तेथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली आणि ज्या घरांनी त्या काळी घेतलेले शेअर विकले नाहीत, त्या घरांची पुढची पिढी कोट्यधीश झाली. शेअरचे काय झाले हे आपल्याकडे ओट्यावरच्या गप्पांतही रंगून सांगितले जाते. नफ्यात चालणाऱ्या कंपनीत मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला किती मिळते आणि त्याच कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला किती मिळते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण ही माहिती कंपनीच्या तिजोरीत बंद असते असा समज आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बाबतीत तो समज चुकीचा आहे. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात छापलेले असतात, आणि ते पुस्तक मोबाइलवर फुकट उघडता येते.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत अठरा वर्षे हिशेब लिहिले. त्या अनुभवावरून हे आकडे कोठे शोधावेत, कसे वाचावेत आणि त्यांच्या आधारे काय विचारावे, हे येथे सांगत आहे. पगारवाढीच्या करारासाठी मागणीपत्र तयार करणारे युनियनचे कार्यकर्ते, एखाद-दुसरा शेअर बाळगणारे कामगार आणि ज्यांची मुले अशा कंपन्यांत नोकरीला आहेत ते आईवडील, यांना डोळ्यांसमोर ठेवले आहे. एक वही, मोबाइल, स्वतःची पगाराची पावती आणि दोन संध्याकाळी एवढे पुरे.

आधी कंपनी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे

पगाराच्या पावतीवर सर्वांत वर जे नाव छापलेले असते तेच नाव शोधावे. गेटवरच्या पाटीवरचे नाव पुष्कळदा वेगळे असते. कंपनी मुंबई शेअर बाजारात किंवा राष्ट्रीय शेअर बाजारात सूचिबद्ध असेल तर पुढची सर्व माहिती मिळते. जळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेली जैन इरिगेशन किंवा गाडेगावला कारखाना असलेली सुप्रीम इंडस्ट्रीज या अशा सूचिबद्ध कंपन्या आहेत. अमळनेरचे उदाहरण मात्र उलटे आहे. २०१३ साली विप्रोचे विभाजन झाले, संगणक सेवांचा व्यवसाय सूचिबद्ध कंपनीत राहिला आणि साबण-तेलासारख्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या खासगी कंपनीकडे गेला. त्यामुळे अमळनेरच्या कारखान्यातील माणसाने सूचिबद्ध विप्रोचा अहवाल उघडला तर त्यात त्याला स्वतःचा पगार सापडणार नाही.

खासगी मर्यादित कंपनीचे हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून पाहता येतात, परंतु संचालक आणि कर्मचारी यांच्या पगाराचे गुणोत्तर जाहीर करण्याचे बंधन अशा कंपनीवर नाही. भागीदारीत चालणाऱ्या डाळ मिलचे किंवा चटईच्या कारखान्याचे तर काहीच जाहीर होत नाही. तेथे किमान वेतन आणि बोनस एवढ्यांच्याच आधारे बोलावे लागते.

अहवाल मिळवणे आणि नेमके पान गाठणे

वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना किमान २१ दिवस आधी द्यावी लागते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर ‘इन्व्हेस्टर्स’ या विभागात नवा अहवाल शोधावा. अहवाल इंग्रजीत आणि दोन-तीनशे पानांचा असतो, पण तो सगळा वाचायचा नाही. फाइल उघडून शोधपेटीत ‘मीडियन’ (median, म्हणजे मध्यक) हा शब्द इंग्रजीत टंकावा. तीन-चार ठिकाणी तो सापडेल आणि आपल्याला हवी असलेली जवळजवळ सगळी माहिती त्या पानांच्या आसपासच असते.

पहिले ठिकाण म्हणजे संचालक मंडळाच्या अहवालाचे परिशिष्ट. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १९७ आणि २०१४ च्या नियमांतील नियम ५ यांनुसार प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक मोबदल्याशी असलेले गुणोत्तर, संचालकांच्या व प्रमुख अधिकाऱ्यांच्या पगारातील टक्केवारी वाढ, कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगारातील वाढ आणि कायम कर्मचाऱ्यांची संख्या जाहीर करावी लागते. अमेरिकेत असा कायदा २०१० साली झाला, पण तेथील कंपन्यांनी पहिली गुणोत्तरे प्रत्यक्षात २०१८ साली छापली. आपल्याकडची तरतूद त्याआधीपासून, १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. इतकी वर्षे हातात असलेले हे साधन आपण वापरलेले नाही याची मला मनापासून खंत वाटते.

मध्यक म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे, कारण सरासरीने माणूस फसतो. दहा कामगारांना महिना १५,००० रुपये आणि एका व्यवस्थापकाला ३ लाख रुपये मिळत असतील, तर अकरा जणांची सरासरी जवळपास ४०,९०० रुपये येते, आणि एवढा पगार त्या अकरांपैकी एकालाही मिळत नाही. मध्यक काढताना सर्वांना पगाराच्या चढत्या क्रमाने एका ओळीत उभे करतात आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा पगार घेतात. येथे तो १५,००० येतो. कायद्याने सरासरीऐवजी मध्यक मागितला आहे, हे या तरतुदीचे मोठे बळ आहे.

संचालकाचा आकडा वाचताना

व्यवस्थापकीय संचालकाचा मोबदला चार-पाच भागांचा असतो: मूळ वेतन व भत्ते, घर-गाडीसारख्या सवलती, कामगिरीवर आधारित बोनस, नफ्यावरील कमिशन आणि कर्मचारी शेअर योजनेतून मिळणारे शेअर. यांतील शेअरचा भाग सर्वांत फसवा असतो. ते शेअर अनेक वर्षांत थोडेथोडे मिळालेले असतात, पण संचालक ज्या वर्षी ते स्वतःच्या नावावर घेतो त्या वर्षी त्यांचे सारे मूल्य एकदम मोबदल्यात दिसते. काही कंपन्या गुणोत्तर काढताना ते मूल्य धरतात, काही वगळतात, आणि हे फक्त तळटीपेत सांगितलेले असते. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवण्याआधी निदान तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक लिहावेत आणि तळटीप वाचावी. संचालक वर्षाच्या मध्येच रुजू झाला किंवा गेला असेल तर ते वर्ष तुलनेतून सोडून द्यावे.

कायद्याने या मोबदल्याला मर्यादा घातली आहे. सर्व संचालकांचा व व्यवस्थापकाचा मिळून मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपर्यंत, एका व्यवस्थापकीय वा पूर्णवेळ संचालकाचा ५ टक्क्यांपर्यंत आणि असे एकाहून अधिक संचालक असतील तर त्या सर्वांचा मिळून १० टक्क्यांपर्यंत असू शकतो; त्यापुढे जायचे झाल्यास सर्वसाधारण सभेत भागधारकांची मंजुरी लागते. मर्यादा नफ्याच्या टक्केवारीत आहे ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

संचालक हाच कंपनीचा प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणारा आणि तिच्यावर ताबा असलेला मालक, असेल तर नुसता पगार पाहून काहीच कळत नाही. मुकेश अंबानी यांनी २००८-०९ पासून आपला वार्षिक मोबदला १५ कोटी रुपयांवर थांबवला आणि २०२०-२१ पासून तर पगार घेतलाच नाही. परंतु प्रवर्तकाचे खरे उत्पन्न लाभांशातून आणि शेअरच्या वाढत्या किमतीतून येते, ते या तक्त्यात कोठेच नसते. अशा कंपनीत प्रवर्तकांचा शेअरमधला हिस्सा आणि त्या वर्षी कंपनीने वाटलेला एकूण लाभांश यांचा गुणाकार करून ती रक्कम वहीत वेगळ्या रकान्यात लिहावी. पगार आणि मालकी यांची मिसळ करू नये, पण मालकीचा रकाना रिकामाही ठेवू नये.

छेदात कोण आहे?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. गुणोत्तराच्या अंशात संचालक आहे हे सर्वांना दिसते. छेदात कोण आहे हे फार थोडे लोक पाहतात. छेदात कंपनीच्या पटावरचे कर्मचारी असतात. ठेकेदारामार्फत आलेला माणूस, जो तीच पाळी करतो, त्याच मशीनवर उभा राहतो आणि त्याच गेटमधून आत येतो, तो कंपनीच्या पटावर नसतो, म्हणून मध्यक काढण्यासाठी उभ्या केलेल्या ओळीतही तो नसतो. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार देशातील संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचा वाटा अलीकडे चाळीस टक्क्यांच्या आसपास पोहोचला आहे, म्हणजे ही किरकोळ वजाबाकी नव्हे. मी ज्या कारखान्यात काम केले तेथे ठेकेदाराची बिले ‘प्रक्रिया खर्च’ या खात्यावर टाकण्याची पद्धत होती. साडेतीनशे माणसांची मजुरी मी स्वतःच्या हाताने तेथे लिहिली आहे, आणि ‘कर्मचारी लाभ खर्च’ या पगाराच्या ओळीत त्यांच्यापैकी एकाचाही रुपया कधी आला नाही.

हा छेद आपण स्वतः दुरुस्त करू शकतो. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वततेचा एक स्वतंत्र अहवाल सक्तीचा केला आहे आणि तो वार्षिक अहवालातच जोडलेला असतो. त्याच्या पहिल्या भागात कर्मचारी आणि कामगार यांची संख्या ‘कायम’ व ‘कायम नसलेले’ अशी वेगवेगळी दिलेली असते. पुढची माहिती क्रमांक दिलेल्या तत्त्वांखाली मांडलेली असते. त्यांपैकी पाचव्या तत्त्वाखाली दोन तक्ते असतात: नेमके किमान वेतन घेणारे किती आणि त्याहून अधिक घेणारे किती, स्त्रिया व पुरुष वेगळे, आणि संचालक, प्रमुख अधिकारी, इतर कर्मचारी व कामगार यांचे मध्यक मोबदले. आठव्या तत्त्वाखाली ग्रामीण, निमशहरी, नागरी आणि महानगरी ठिकाणी एकूण मजुरीपैकी किती टक्के मजुरी गेली हेही अलीकडे द्यावे लागते, आणि त्यात कंत्राटी माणसेही धरायची असतात. जळगाव, धुळे, भुसावळ या वर्गवारीत नागरी ठरतात आणि २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले अमळनेर निमशहरी. ज्या कंपनीचे कारखाने आपल्या भागात आहेत आणि मुख्य कार्यालय मुंबईत आहे, तिच्या बाबतीत हा तक्ता फार बोलका असतो.

या तक्त्यांवरून हिशेब कसा बदलतो ते एका कल्पित कंपनीवर करून पाहू. व्यवस्थापकीय संचालकाला वर्षाला ६ कोटी मिळतात, पटावर ८०० कायम कर्मचारी आहेत आणि त्यांचा मध्यक वार्षिक पगार ४ लाख ८० हजार आहे. कंपनी गुणोत्तर छापते १२५. त्याच कंपनीत ठेकेदाराची १,७०० माणसे महिना १३,५०० रुपयांवर आहेत आणि कायम असलेल्या सर्वांना त्यांच्यापेक्षा अधिक मिळते. आता २,५०० जणांना एका ओळीत उभे केले तर मधला माणूस ठेकेदाराचाच निघतो आणि मध्यक येतो वर्षाला १ लाख ६२ हजार. गुणोत्तर होते ३७०. कंपनीने कोणतेही खोटे छापलेले नाही, नियमाप्रमाणेच छापले आहे. तरीही १२५ आणि ३७० यांच्यामध्ये १,७०० माणसे उभी आहेत आणि त्यांची नोंद आपणच घ्यायची आहे. ठेकेदार प्रत्यक्षात किती देतो हे अहवालात मिळणार नाही. त्यासाठी पाच-सहा जणांच्या पगाराच्या पावत्या त्यांच्या संमतीने पाहाव्यात, नावे न लिहिता आकडे टिपावेत आणि ते राज्य शासनाच्या चालू किमान वेतनाशी ताडून पाहावेत. त्यातील विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो.

वाढ कोणाची किती झाली

एका वर्षाचे गुणोत्तर हे छायाचित्र असते, म्हणून पाच वर्षांचा तक्ता करावा. रकाने असे ठेवावेत: करोत्तर नफा, एकूण विक्री, कर्मचारी लाभ खर्च, संचालकाचा मोबदला, कर्मचाऱ्यांचा मध्यक, कायम संख्या, कंत्राटी संख्या. कर्मचारी लाभ खर्चाला विक्रीने भागून टक्केवारी काढली की विकलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये पगारात गेले ते दिसते. ही टक्केवारी दरवर्षी उतरत असेल आणि कंत्राटी संख्या चढत असेल, तर पगार एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवला जात आहे असे समजावे आणि ‘इतर खर्च’ या टिपेतील मजुरीच्या, जॉब वर्कच्या ओळी तपासाव्यात. मध्यक पगार एखाद्या वर्षी घसरलेला दिसला तर लगेच आरोप करू नये. जुनी माणसे निवृत्त झाली आणि नवी भरती झाली तरी तो घसरतो.

देशपातळीवरचे चित्र सरकारनेच मांडले आहे. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतील उच्चांकाला पोहोचला. त्या वर्षी नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार अवघा १.५ टक्क्यांनी.

आता नफ्यावरील टक्केवारीकडे परत येऊ, कारण या साऱ्या विषयातील सर्वांत मोठी विषमता मला तेथे दिसते. कामगाराच्या बोनसला कायद्याने ८.३३ टक्क्यांचा तळ आणि २० टक्क्यांचे छत घातले आहे, आणि १९६५ च्या बोनस कायद्यातील ही चौकट २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. ही टक्केवारी त्याच्या स्वतःच्या पगारावर, तीही कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतील पगारावर मोजली जाते. संचालकाचे कमिशन कंपनीच्या नफ्यावर मोजले जाते. नफा दुप्पट झाला तर संचालकाचे कमिशन दुप्पट होऊ शकते. ज्या कारखान्यात बोनस आधीच २० टक्क्यांवर आहे, तेथील कामगाराच्या दिवाळीला त्या वाढीव नफ्यातील एक रुपयाही कायद्याने मिळत नाही. कंपनीची मोठी जबाबदारी पेलणाऱ्या माणसाला मोठा मोबदला मिळावा हे मला मान्य आहे, चुकीच्या निर्णयाने शेकडो घरांची चूल विझते हेही मी पाहिले आहे. परंतु चांगल्या वर्षाचे फळ एकालाच मोजमाप न लावता आणि दुसऱ्याला मापात, ही वाटणी न्याय्य आहे असे मला वाटत नाही.

मागणीला आकार देणे

येथे रागापेक्षा हिशेब उपयोगी पडतो. वरच्या कल्पित कंपनीत संचालकाचा पगार निम्मा करून ते ३ कोटी २,५०० जणांत वाटले तर प्रत्येकाला महिना १,००० रुपये येतात. १३,५०० वर १,००० ही लहान रक्कम नाही, पण तेवढ्याने घर सावरत नाही, आणि तीच मागणी केली तर चर्चा एका माणसाच्या भोवती फिरत राहते. याउलट कंपनीचा करोत्तर नफा १२० कोटी आहे असे धरा आणि ठेकेदाराच्या १,७०० माणसांना महिना २,००० रुपये वाढ मागा. वर्षाचा खर्च ४ कोटी ८ लाख होतो. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय आणि ठेकेदाराचे कमिशन धरून पाच कोटी समजा. ती रक्कम नफ्याच्या सव्वाचार टक्क्यांहून कमी आणि एका संचालकाच्या वर्षाच्या मोबदल्याहून एक कोटीने कमी आहे. अशा रीतीने मांडल्यावर संचालकाचा पगार हा टोमणा राहत नाही, ते एक माप होते, आणि समोरच्या माणसालाही त्याच मापात उत्तर द्यावे लागते.

विचारायचे कोठे आणि कसे

युनियन असेल तर पाच वर्षांचा तक्ता मागणीपत्राला जोडावा आणि प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचा पान क्रमांक लिहावा. एक शेअर असला तरी सर्वसाधारण सभेत बोलता येते. सभा ऑनलाइन असेल तर वक्ता म्हणून नाव आधी नोंदवावे लागते आणि त्याची पद्धत सभेच्या सूचनेत दिलेली असते. सर्वाधिक मोबदला घेणाऱ्या दहा जणांची आणि वर्षाला १ कोटी २ लाखांहून अधिक घेणाऱ्यांची यादी अहवालात छापलेली नसेल, तर भागधारकाने कंपनी सचिवाला लेखी मागितल्यावर ती मिळते.

मताचाही उपयोग होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनेमणुकीचा आणि मोबदल्याचा विशेष ठराव लागणाऱ्या ७५ टक्के मतांअभावी फेटाळला गेला; मोबदल्याची कमाल मर्यादा खाली आणून कंपनीला तो भागधारकांपुढे पुन्हा मांडावा लागला. ते काम मोठ्या गुंतवणूकदारांच्या मतांनी झाले हे खरे, पण सभेच्या सूचनेत संचालकाच्या मोबदल्याचा ठराव दिसला तर आपले एक मतही विचार करून टाकावे.

प्रश्न लहान आणि उत्तर टाळता येणार नाही असा असावा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ असे म्हटले तर अध्यक्ष सहानुभूती व्यक्त करून पुढच्या वक्त्याकडे वळतात. त्याऐवजी असे विचारावे: ‘पान क्रमांक अमुकवर गुणोत्तर १२५ दिले आहे, ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या १,७०० जणांना धरले तर ते किती होते, आणि गेल्या पाच वर्षांत नफा जेवढ्या टक्क्यांनी वाढला त्याच्या तुलनेत या माणसांची मजुरी किती टक्क्यांनी वाढली, हे कंपनी सांगेल काय?’ हाच प्रश्न सभेच्या आधी ई-मेलने कंपनी सचिवाला पाठवून ठेवावा. सभेत उत्तर मिळाले नाही तर आठ दिवसांनी स्मरणपत्र पाठवावे, आणि जे काही उत्तर येईल ते छापून, तारीख घालून, तक्त्याच्या वहीत त्या वर्षाच्या पानावर चिकटवावे. पुढच्या कराराच्या वेळी समोर बसणारे अधिकारी बहुधा बदललेले असतात.